रांग चाचणीची, बाजार तारखांचा

वाहन चालवण्याच्या चाचणीची तारीख लवकर मिळत नाही, ही तक्रार वरवर पाहता क्षुल्लक वाटते. ज्याच्या दाराशी मोटार उभी आहे त्याची ती केवळ गैरसोय असेल. परंतु निपाणी-खानापूरकडून बेंगळुरूला टॅक्सी, टेम्पो किंवा घरपोच मालाच्या कामासाठी जाणाऱ्या तरुणाला लायसन्स म्हणजे रोजगाराचा दाखलाच होय. तारीख लांबली की मजुरी बुडाली, इतका हा हिशेब सरळ आहे.

कायदा काय सांगतो? शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. पहिले तीस दिवस चाचणी देता येत नाही. नापास झाल्यास सात दिवस, तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते. उरलेल्या काळातील आठवडे तारखेच्या प्रतीक्षेत गेले, तर मुदत संपते. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा बुडालेला रोज. दुसरीकडे, विनालायसन्स वाहन चालवण्याचा दंड केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेला. शिक्षा दहापट वाढली. चाचणी घेणारे हात किती वाढले?

शिकाऊ लायसन्स आता घरबसल्या संगणकावर मिळते. त्याचे स्वागतच आहे. बेंगळुरूत ज्ञानभारती येथे स्वयंचलित चाचणीमार्गही उभा राहिला. यंत्रामुळे निरीक्षकाच्या लहरीला आळा बसतो. पण मैदान आणि माणूस यांवाचून प्रत्यक्ष चाचणी होत नाही. जेथे माणूस नेमावा लागत नाही तेथे सुधारणा झाली. जेथे नेमावा लागतो तेथे रांग उभी राहिली.

या रांगेवर सरकारने शोधलेला उपाय पाहण्यासारखा आहे. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यास परिवहन कार्यालयातील चाचणी माफ होते. हलक्या वाहनांच्या केंद्रासाठीही एक एकर जागा लागते. महानगरात ती कोणाच्या हाती आहे, हे सांगणे नको. ज्याच्याजवळ शुल्क भरण्यास पैसा आहे त्याला रांग नाही. ज्याच्याजवळ नाही त्याने थांबावे.

टंचाई आली की दलाल येतोच. ब्रिटनमध्येही २०२० च्या टाळेबंदीनंतर चाचण्या तुंबल्या, तेव्हा संगणकाच्या साहाय्याने तारखा आधीच अडवून त्या कितीतरी पट दराने विकण्याचा धंदा फोफावला. तेव्हा हा दोष एखाद्या लाचखाऊ कारकुनाचा नव्हे. सार्वजनिक सेवा अपुरी ठेवण्याच्या धोरणाचा आहे.

मग चाचणी सैल करावी काय? मुळीच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. पादचारी आणि दुचाकीस्वार श्रमिकांचा जीव स्वस्त करून कोणाचीही सोय होता कामा नये. चाचणी कडक हवी, पण ती वेळेवर हवी.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मोटार वाहन निरीक्षकांची रिक्त पदे भरा. रोजंदारीवरील कामगारांसाठी सुटीच्या दिवशी चाचण्या घ्या. कार्यालयाने मुदतीत तारीख दिली नाही, तर शिकाऊ लायसन्स विनाशुल्क वाढवून द्या. महासाथीच्या काळात ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत कागदपत्रांची मुदत वाढवता आली, तर आज अडचण कोणती? आणि परिवहन महामंडळांची प्रशिक्षण केंद्रे सामान्य श्रमिकांना अल्प शुल्कात खुली करा.

रिक्षा, टॅक्सी आणि घरपोच सेवेतील कामगारांच्या संघटनांतून हा प्रश्न हाती घेणे, हे आपले काम आहे. रांगेत उभा असलेला प्रत्येकजण आज एकेकटा दलालाच्या दारी जातो. त्या रांगेचे शिष्टमंडळ झाले, तर तारीख मागावी लागणार नाही. ती द्यावी लागेल.