कुंडी कुणासाठी?

आम्हा मध्यमवर्गीयांनी एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं आहे : "आमच्या हाताला झाडच लागत नाही हो!" हिवाळ्यात महाबळेश्वरला जाऊन आलेल्या घरात तर ते हमखास ऐकू येतं. येताना स्ट्रॉबेरीच्या खोक्याबरोबर चार रोपंही आलेली असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी कुंडी आणायला सगळं कुटुंब नटूनथटून निघतं. रोपांच्या मरणाचा मुहूर्त त्या दुकानातच ठरतो. दोष मात्र हाताला!

या अन्यायाविरुद्ध कुणीतरी बोलायलाच हवं, म्हणून मी बोलतो. हात निर्दोष आहे. खरी आरोपी कुंडी, आणि तिला पसंत करणारी आपली दिवाणखानी नजर ही तिची साथीदार.

दुकानात आपण विचारतो काय? "पडद्याला मॅच होईल का?" रोपाला ती मानवेल का, हे विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. मुलीसाठी स्थळ बघायला जावं आणि बंगल्याचा रंग बघून होकार द्यावा, तसला प्रकार! तेव्हा या स्थळांची जरा चौकशी करू.

पहिलं स्थळ चिनी मातीचं. निळी वेलबुट्टी, चकचकीत अंग, आणि बुडाला भोक नाही. दुकानदाराला म्हणावं तर तो आपल्यालाच समजावतो, "साहेब, भोक पाडलं तर पाणी गळेल ना!"

"अहो, गळायलाच हवंय."

"मग खाली खडी घाला की!"

या खडीनं आजवर किती रोपं बुडवली असतील! वरची माती चिंब झाल्याखेरीज खडीत पाणी उतरत नाही, आणि उतरलं तरी पुढे जाणार कुठे? मुळं तळ्यात बसतात आणि कुजतात.

दुसरं स्थळ 'खास स्ट्रॉबेरीसाठी' म्हणून विकलं जातं. उंच रांजण, अंगभर खिसे, प्रत्येक खिशात एक रोप. चित्रात झकास दिसतं. प्रत्यक्षात वरून घातलेलं पाणी वरच्याच खिशांतून बाहेर पळतं आणि तळमजल्यावरची बिऱ्हाडं कोरडी राहतात. मधोमध भोकाभोकांची नळी उभी करून तिच्यातून पाणी घातलं, तर हा रांजण सुधारतो. पण दुकानदार रांजण विकतो, नळी नाही.

तिसरी टांगती टोपली. मूठभर माती, चारी बाजूंनी वारा. सकाळचं पाणी दुपारी गायब. चौथी काळ्या प्लॅस्टिकची कुंडी. पश्चिमेच्या गॅलरीत, मार्चच्या उन्हात, आत मुळांची उकड तयार होते.

मग हवं काय? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते वेलबुट्टीमुळे नव्हे. तिथला शेतकरी रोपं गादीवाफ्यावर लावतो : उंच, भुसभुशीत, पाणी निथळून जाईल असा. ते गादीचं सुख घरी द्यायचं, एवढंच. स्ट्रॉबेरीची मुळं उथळ, बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. म्हणून भांडं वीतभर खोल, पसरट, बुडाला चारपाच भोकं, आणि दोन रोपांत वीतभर अंतर. मातीची पसरट कुंडी उत्तम. माठासारखी पाझरते म्हणून गार राहते, मात्र पाणी वरचेवर मागते. ते जमत नसेल तर फिक्या रंगाचा प्लॅस्टिकचा टब. आणि खिसा आखडता असेल तर १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा आडवा पाडा, वरची बाजू कापा, धारा ठोकून आत वळवा, बुडाला खिळ्यानं भोकं पाडा. दोन रोपांचा संसार सुखात होतो. रंगाचे नि औषधांचे डबे तेवढे नकोत. फळ पोटात जायचंय. माती जवळजवळ काठापर्यंत भरा, म्हणजे फळं बाहेर लोंबतील, ओल्या मातीला टेकून सडणार नाहीत. पानं फुटतात तो मधला कोंब मात्र मातीत गाडू नका. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या, नाहीतर स्ट्रॉबेरीआधी डासांचं पीक यायचं.

यावर आमच्या सौ. म्हणतात, "अहो, गॅलरीत तेलाचा डबा? लोक काय म्हणतील!"

लोकांचं सोडा, इतिहास काय म्हणतो ते ऐका. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच हेरानं १७१४ साली चिलीहून फ्रान्सला स्ट्रॉबेरीची रोपं नेली. महिनोन्‌महिने जहाजाचा प्रवास, पिण्याच्या पाण्याची मारामार. पण त्यातलं पाणी रोपांनाही मिळालं आणि पाच रोपं जगली. पुढे फ्रान्समध्येच चिलीच्या आणि उत्तर अमेरिकेच्या स्ट्रॉबेरीचं सूत जुळलं आणि आज आपण खातो ती टपोरी जात जन्माला आली. इतिहासानं त्या रोपांचं पाणी लक्षात ठेवलं, भांडं नाही.

तेव्हा यापुढे कुंडी आणायला जाताना पडद्याचा तुकडा घरी ठेवा आणि हात बरोबर न्या. तोच, ज्याला झाड लागत नाही म्हणता. अंगठा बुडाला, करंगळी काठाला. वीत बसली आणि बुडाला भोक दिसलं, की बेलाशक घ्या. हाताला गुण आहे हो; तो कुंडीत घालून बघायचं तेवढं राहून जातं!