वेढ्यातली ताटं

१९३७ साली जपान अंगावर आला तेव्हा च्यांग कै-शेकच्या सरकारनं कम्युनिस्टांशी हात मिळवला. दुसऱ्या हातात सुरा होताच. जानेवारी १९४१ मध्ये दक्षिण आन्हुईत नव्या चौथ्या सैन्याचे सुमारे ९,००० लोक सरकारी फौजेनं घेरले. बहुतेक मेले नाहीतर पकडले गेले. म्हणे हुकूम मोडला! मग काय, जपान्याला सोडून ह्यांच्यावर बंदूक लावायची?

येनानच्या सीमाप्रदेशाला तर आधीच वेढा. सरकारी पैसा बंद, कापड-औषधं अडवलेली. मी गोदीत गोणी वाहतो. माल अडला की कुणाची चूल विझते, ते मला पुस्तकातून कळायला नको. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९४२ साली होपेईकडच्या दुसऱ्या सीमाप्रदेशात जखमी सैनिकांची सेवा करता करता वारले.

पण दोस्तहो, वेढ्याच्या आतही बघा. त्याच साली वांग शिवेई ह्या लेखकानं येनानमध्येच छापून विचारलं: इथं कपड्याच्या तीन प्रती अन् जेवणाच्या पाच का? क्रांतीतही पंगती! त्याला त्रॉत्स्कीवाला ठरवून १९४३ मध्ये अटक केली, १९४७ मध्ये ठार मारलं. च्यांगला शिव्या घालूच. पण ताटं मोजणाऱ्याला मारणाऱ्यांना माफी कसली? आरोप खोटा होता, हे चीन सरकारनं १९९१ साली मान्य केलं. तोवर त्याला मरून ४४ वर्षं झाली होती.