‘व साथीदार’ म्हणजे नेमके कोण?

पेणपासून नागोठण्यामार्गे रोह्यापर्यंत भिंतींवर चिकटवलेली कुठलीही जाहिरात वाचा. शक्ती-तुऱ्याचा सामना असो, कव्वालीचा मुकाबला असो की भजनाची बारी, शाहिराचे किंवा गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते, त्याचा फेटा बांधलेला फोटो असतो. प्रमुख पाहुणे असतात, सौजन्य असते, मंडपवाल्याचा मोबाइल नंबरसुद्धा असतो. आणि अगदी तळाशी दोन शब्द असतात: ‘व साथीदार’. ज्याच्या थापेवर रात्रभर सामना उभा राहिला तो ढोलकीवाला या दोन शब्दांत गाडला जातो. बँजोवर बोटे झिजवणारा, झांज धरणारा, शाहिराचा घसा बसला की सूर सांभाळून नेणारा, सगळे त्यातच. पेणच्या मूर्तिशाळेतही हाच न्याय आहे. मूर्ती कारखानदाराच्या नावाने मुंबईला जाते; तिच्या डोळ्यांची आखणी ज्या हाताने केली त्याचे नाव कुणी विचारत नाही.

आमचे भांडण या दोन शब्दांशी आहे.

हे भांडण नीट समजून घ्यायचे तर एका माणसाची आठवण काढावी लागेल. तो पेणचा नाही, रोह्याचाही नाही. पण बालगंधर्वांचे गाणे आकाशवाणीवरून आणि तबकड्यांवरून आमच्या या भागातल्या जुन्या पिढीच्याही कानी पडले. त्या पिढीला पदे तोंडपाठ होती. त्यांना आपण विचारले असते, ‘गंधर्वांच्या मागे सारंगीवर कोण बसत होते?’ तर किती जणांना उत्तर देता आले असते? उत्तर आहे: कादरबक्ष.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. पुढे तिच्या साथीत ऑर्गन आला, तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आले आणि सारंगीवर कादरबक्ष. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाचा काळ म्हणून ज्याचे गोडवे आपण गातो, त्या काळाच्या मागच्या बैठकीत ही दोन मुसलमान नावे होती. हे कुणी मेहेरबानी म्हणून केले नव्हते. गंधर्वांच्या गळ्याला पेलणारी साथ हवी होती, ती यांच्या हातांत होती, एवढेच.

सारंगीची साथ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर कादरबक्ष यांचे मोलही कळणार नाही. तीन मुख्य तारा, त्या आतड्याच्या. त्यांच्याखाली तीस-पस्तीस तरफांचे रान. हे सगळे जुळवता जुळवता नवखा माणूस रडकुंडीला येतो. तार बोटाच्या पेराने दाबायची नसते, नखाच्या मुळाशी घासून सूर काढायचा असतो. तिथली कातडी आयुष्यभर निबर होते. आणि एवढे सोसून करायचे काय? तर गाणाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकून, पण किंचित मागून चालायचे. तो श्वास घेईल तेवढी जागा भरायची आणि तो पुन्हा सुरू झाला की बाजूला व्हायचे. त्याची तान आपल्याला आधी सुचली तरी पुढे पळायचे नाही. तो चुकला तर चूक झाकायची, दाखवायची नाही. जमत असूनही न वाजवणे ही साथीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. नाटकात ती आणखी अवघड, कारण समोर मैफलीतला निवांत गवई नसतो. संवाद बोलता बोलता पदात शिरणारा नट असतो.

अशा माणसाच्या वाट्याला काय आले? गंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६८ पासून पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे आहे. ते योग्यच झाले, आम्हालाही त्याचा अभिमान आहे. पण गंधर्वांच्या गायकीवर पानेच्या पाने लिहिली जातात तेव्हा कादरबक्ष येतात ते बहुधा एका वाक्यापुरते, तेही ‘साथीला अमुक-तमुक’ अशा यादीत.

कुणी म्हणेल, थिरकवांना तर १९७० साली पद्मभूषण मिळाले! होय, मिळाले. पण स्वतंत्र तबलावादनानेही त्यांनी मैफली गाजवल्या होत्या. पंडित रामनारायण यांनी सारंगीला जगभर मान मिळवून दिला. त्यांना २००५ साली पद्मविभूषण मिळाले. पण तेही साथ सोडून एकल वादनाकडे वळल्यावर. अब्दुल करीम खाँसाहेब आणि बडे गुलाम अली खाँसाहेब दोघांच्याही हातात एके काळी सारंगी होती. नाव झाले ते गळ्याने. अर्थ स्पष्ट आहे. साथ सोडली तर नाव मिळते, साथीतच आयुष्य घातले तर ‘व साथीदार’. ज्याने शेवटपर्यंत साथ सोडली नाही त्यालाच विसरायचे, हा कुठला इन्साफ?

प्रस्थापितांना आम्ही दोष देतोच. मराठी संस्कृतीच्या पत्रिकेत आमचे नाव बरेचदा तळाशी असते. ज्या शक्ती-तुऱ्याच्या जाहिरातीपासून आम्ही सुरुवात केली, तो कलगी-तुऱ्याच्याच परंपरेतला. त्या परंपरेत तुऱ्याचा मूळ पुरुष तुकनगीर आणि कलगीचा शाह अली फकीर, असे सांगतात. आज रोहा तालुक्यातल्या गावात जाखडी रंगते तेव्हा त्या फकिराची आठवण किती जणांना असते? मिरजेचे तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. तंबोरा तर साथीचेच वाद्य! मैफल संपते, तंबोऱ्यावर गवसणी चढते, घडवणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही.

पण वाचकहो, बोट दुसऱ्याकडे दाखवताना स्वतःचे घर पाहिले पाहिजे. आम्ही मुसलमानांनी तरी कादरबक्षांना काय दिले? सारंगीवाल्याला, तबलजीला ‘मिरासी’ म्हणून हिणवणारे कोण होते? त्याच्या घरात सोयरीक करताना नाक मुरडणारे आमचेच शरीफ खानदानी होते. इस्लाममध्ये उच्चनीच नाही असे व्यासपीठावरून सांगायचे आणि मोहल्ल्यात मात्र बिरादरीच्या पायऱ्या जपायच्या! संगीत जायज की नाजायज, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. पण ज्या बापाने नखे झिजवून मुलांना शिकवले, त्याचा धंदा मुलांनी शरमेने लपवावा अशी वेळ आमच्या समाजानेही आणली, हे कबूल करायला आपण कधी तयार होणार? मराठी मुसलमानांचे योगदान सांगायला उभे राहिलो की आम्हीसुद्धा संतांची, शाहिरांची, लेखकांची नावे घेतो. शाहीर अमर शेख यांचे नाव आम्ही छाती फुगवून घेतो आणि घ्यावेच. त्यांच्यामागे उभे राहून ढोलकी, तुणतुणे वाजवणाऱ्या सगळ्यांची नावे आम्ही कुठे टिपून ठेवली? म्हणजे आमच्याही यादीच्या तळाशी ‘व साथीदार’ आहेच.

यावर उपाय फार मोठा नाही. त्याला सरकारी अनुदान नको, महामंडळ नको. पेण-रोह्यात यापुढे जी जाहिरात छापली जाईल तिच्यात ढोलकीवाल्याचे, बँजोवाल्याचे, खालूबाजातल्या सनईवाल्याचे पूर्ण नाव छापा. निवेदकाने ते शाहिराच्या नावासारखेच मोठ्याने घ्यावे. हार एकच असेल तर तो मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. नव्या मुलांच्या हातात आता मोबाइल आहे. म्हाताऱ्या वादकांकडे बसून त्यांची थाप, त्यांचे बोल, त्यांचे गुरू नोंदवून घ्या. ही माणसे गेल्यावर शोकसभा घेण्यापेक्षा ती असताना त्यांचे नाव नीट लिहिणे बरे. आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी, जे स्वतःच्या नावाखाली लेख छापून घेतो, निदान दरवर्षी एका साथीदारावर लिहावे.

आमच्यापुरती सुरुवात आम्ही केली आहे. यादीतले पहिले नाव: कादरबक्ष, सारंगी. दुसरे नाव पेण-रोह्यातून यावे. ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे, कारण परवाच्या रात्री तुम्ही त्याच्याच ठेक्यावर मान डोलावली होती.