बेचिराग

कोणत्याहि पिढीच्या करमणुकीकडे तिच्या आधींची पिढी संशयानेंच पाहते. कादंबऱ्या आल्या तेव्हां मुली बिघडतील म्हणून ओरड झाली. बोलपट आला तेव्हां मुलगे बिघडतील म्हणून झाली. दूरदर्शन आल्यावर तर सगळें घरच एकदम बिघडावयाचें होतें. निकाल आधीं लिहून ठेवावा आणि पुरावा मागाहून शोधावा, ही रीत आम्हांस पसंत नाहीं. आजचा विषय आहे डोळ्यांवर यंत्र बांधून खेळावयाचे बंदुकीचे खेळ. नामपूरसारख्या, कांद्याच्या लिलावावर ज्याचा दिवस उगवतो व मावळतो अशा गांवीं हा विषय कोठून आला, असें वाचक विचारतील. तो पुण्याहून, आमच्या पुतणीच्या मुलाच्या सामानांतून, उन्हाळ्याच्या सुटींत आला.

यंत्राची रचना कळली म्हणजे अर्धें गूढ ओसरतें. जुन्या घरांतून दोन भिंगांचें एक लांकडी साधन असे. एकाच देखाव्याचीं, किंचित् निराळ्या कोनांतून घेतलेलीं दोन चित्रें त्यांत ठेवून पाहिलीं कीं सपाट चित्रांतला घुमट फुगून पुढें येई. व्हीट्स्टन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं जगापुढें मांडलेली युक्ति ती हीच. आतां चित्रांच्या जागीं दोन लहान पडदे आले आहेत, व मान वळेल तसतशीं त्यांवरील चित्रें सेकंदांत सत्तराहून अधिक वेळां पालटतात. म्हणून मागें वळलें कीं मागचें दिसतें आणि खालीं पाहिलें कीं पायांखालची जमीन. दोन्ही हातांत एकेक मूठ असते, तिच्या हालचालीवरून यंत्रास हात कोठें आहे तें कळतें. अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यानें १९६८ च्या सुमारास असें यंत्र प्रथम केलें, तेव्हां तें छतापासून लोंबणाऱ्या दांड्यास जोडावें लागलें होतें. आजचें यंत्र अर्ध्या किलोच्या आंतबाहेर भरतें.

मुलगा खेळतो त्या खेळाचें नांव ‘इन्टू द रेडियस’. एस्टोनिया देशांतील सीएम गेम्स या मंडळीनें तो केला आणि २०२० सालीं तो पूर्णरूपानें बाहेर पडला. रशियांतील एका कल्पित प्रदेशांत कांहीं अघटित घडून तेथील जग मोडलें आहे. घरें ओस, कारखाने गंजलेले, रुळांवर डबे उभेच. आणि पाठीवर पिशवी घेतलेला एकटा एक मनुष्य त्यांतून हिंडतो आहे. तो मनुष्य म्हणजे खेळणारा. या कल्पनेचें मूळ अर्कादी व बोरिस स्ट्रुगात्स्की या रशियन बंधूंच्या १९७२ सालच्या ‘रोडसाइड पिकनिक’ या कादंबरीकडे जातें. तिच्यावरून तार्कोव्स्कीनें १९७९ सालीं ‘स्टॉकर’ हा चित्रपट काढला. चेर्नोबिलचा अणुभट्टीचा अपघात १९८६ चा. म्हणजे निषिद्ध प्रदेश आधीं कादंबरींत निर्माण झाला व मागाहून पृथ्वीवर.

आम्हीं तें यंत्र बांधून पाहिलें. खुर्चीवर बसून, मुलास शेजारीं उभें करून. संध्याकाळची वेळ, वाळलेलें गवत, दूर एक मोडकें घर, आणि घराच्या दारांत काळी मनुष्याकृति. चेहरा नाहीं, नुसता आकार. ती आमच्याकडे वळली तेव्हां आमचे पाय खुर्चीखालीं आपोआप ओढले गेले. हें चित्र आहे हें बुद्धीस पूर्ण ठाऊक होतें, परंतु पायांस कोणी कळविलें नव्हतें. दहा-बारा मिनिटांनीं पोटांत ढवळूं लागलें. डोळे सांगतात ‘आपण चालत आहों’, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें ‘आपण बसलों आहों’, आणि दोघांच्या साक्षींत मेळ नसला कीं शरीर मळमळीनें निषेध नोंदवितें. बोटींत जें होतें त्याच्या उलट. तेथें हलतो देह आणि डोळ्यांपुढची खोली स्थिर असते. आल्याचा तुकडा चघळल्यावर बरें वाटलें.

मौज अशी कीं या खेळांत गोळ्या झाडण्यापेक्षां गोळ्या भरण्यांतच अधिक वेळ जातो. बंदुकीच्या पेटींत एकेक गोळी आंगठ्यानें दाबून बसवावी लागते. गोळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि पैसा जपून वापरावा लागतो. बंदूक मळली तर अडते, म्हणून कुंचल्यानें व तेलानें पुसावी लागते. भूक लागते, डबा सुरीनें फोडून खावा लागतो. वाटेवर न दिसणारे सांपळे आहेत. त्यांचा ठाव काढण्यासाठीं एखादी लहान वस्तु पुढें फेकून काय होतें तें पाहावें, मग पाऊल टाकावें. आमचा भाचेनातू तासभर खेळला, त्यांतला निम्मा वेळ त्यानें गोळ्या मोजण्यांत, पिशवी लावण्यांत आणि फळीवर डबे मांडण्यांत घालविला. घरीं जो मुलगा स्वतःचें ताट उचलीत नाहीं तो तेथें चिंधी घेऊन बंदूक पुशीत होता. हें पाहून त्याच्या आईस हंसावें कीं रडावें तें कळेना.

ज्यांनीं थोडा साहित्यशास्त्राचा अभ्यास केला आहे त्यांच्या मनांत येथें एक शंका उभी राहील. भयानक हा नऊ रसांतला एक रस. शाकुंतलाच्या आरंभीं राजाच्या रथापुढें धांवणारा भ्यालेला हरिण आपण पाहतों, आणि आपल्याला आनंद होतो. अभिनवगुप्तानें याच हरिणाचें उदाहरण घेऊन सांगितलें आहे कीं तेथें ‘मी भितों’ अशीहि प्रतीति नसते आणि ‘तो भितो’ अशीहि नसते. देशकालाच्या पाशांतून सुटलेलें निव्वळ भय तेवढें आस्वादास उरतें. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखांत गुंतला कीं रसास विघ्न आलें. या यंत्रानें नेमकें तेंच केलें आहे. प्रेक्षकास त्यानें हरिणाच्या जागीं नेऊन उभें केलें. मग खेळणारा जें भोगतो तो रस नव्हे, भयच होय, असें म्हणावें लागेल. आमचेंहि मत पहिल्या दिवशीं तेंच झालें. परंतु भयच जर असेल तर मुलगा रोज तेथें परत कां जातो? भयासाठीं कोणी जात नाहीं. रसाचा प्रश्न एथवर आला आणि थांबला. पुढचें उत्तर ग्रंथांत नव्हतें, मुलापाशीं होतें.

मुलाचे वडील २०२१ च्या मे महिन्यांत करोनानें गेले. मुलगा तेव्हां अकरा वर्षांचा होता. खाट मिळावी, प्राणवायु मिळावा, अमुक इंजेक्शन मिळावें म्हणून घरांतली मोठीं माणसें नऊ दिवस फोनवर होतीं. मुलास शेजारच्या घरीं ठेविलें होतें व ‘तूं कांहीं करूं नकोस, नुसता बस’ असें सांगितलें होतें. त्यावेळीं दुसरें काय सांगणार? तो बसला. आज तो सोळा वर्षांचा आहे. अभ्यासांत बरा, बोलण्यांत फार थोडा. “काका, हा सारखा मेलेल्या जगांत जाऊन बसतो. यंत्र काढून घेऊं का?” असें पुतणीनें आम्हांस विचारिलें, तें खेळाविषयीं विचारिलें नव्हतें.

आम्ही मुलास उपदेश केला नाहीं. एका रात्रीं ओसरीवर बसलों असतां सहज विचारिलें कीं त्या ओसाड मुलखांत तुला बरें काय वाटतें. पुष्कळ वेळानें तो म्हणाला, “आजोबा, तिथं काय करायचं तें मला ठाऊक असतं.”

गोळ्या किती उरल्या, डबे किती उरले, कोणत्या वाटेनें परतावयाचें, सर्व त्याच्या हातांत. या उत्तरावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. दिवा गेलेला होता. मौसम नदीच्या बाजूनें वारा येत होता. मग विषय पालटावा म्हणून आम्हीं त्यास एक शब्द सांगितला.

जुन्या महसुली दप्तरांत ओस पडलेल्या गांवास बेचिराग म्हणत, आणि कागदोपत्रीं आजहि म्हणतात. ज्यांत चिराग नाहीं, दिवा लागत नाहीं, तें बेचिराग. गांवाचें नांव राहतें, शीव राहते, दिवा तेवढा नसतो. आमच्या या बाजूस जग मोडणें नवें नाहीं. १६३० सालीं पाऊस गेला आणि १६३२ पर्यंत गुजराथ, खानदेश व दक्षिण यांत माणसें किड्यामुंग्यांसारखीं मेलीं. तुकोबांच्या घरावर कोसळलेला दुष्काळ तो हाच. पीटर मंडी नांवाचा एक इंग्रज त्यावेळीं सुरतेहून नंदुरबारावरून बऱ्हाणपुरास गेला, म्हणजे आमच्या उत्तरेकडूनच. वाटेंत प्रेतें इतकीं पडलीं होतीं कीं तंबू ठोकावयास जागा सांपडेना, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें १८०२ सालीं होळकरांच्या फौजेनें खानदेश उधळला, पेरणी झाली नाहीं, आणि १८०३-०४ चा दुष्काळ आला. बागलाण तेव्हां खानदेशांतच मोडे. नाशिक जिल्ह्याची घडण १८६९ ची आहे. १८१८ सालीं ब्रिग्ज साहेब खानदेशचा कारभार पाहूं लागला तेव्हां कित्येक गांवांत रान माजलें होतें आणि वाघ वस्तीपर्यंत येत.

येथें मुलगा सरसावून बसला. वाघ कोणत्या बंदुकीनें मारीत, हा त्याचा पहिला प्रश्न. तो आम्हीं टाळला नाहीं; कप्तान औट्रमच्या शिकारी व १८२५ सालीं उभारलेली भिल्ल पलटण यांविषयीं ठाऊक होतें तें सांगितलें. दुसरा प्रश्न अधिक चांगला होता. “मग पहिला दिवा कोणी लावला?”

याचें उत्तर दप्तरांत आहे, आणि बंदुकीइतकें रंगतदार नाहीं. ओस गांव वसविण्यासाठीं सरकार कौल देई. पहिल्या सालीं सारा नांवाला, मग दर साल थोडा चढता, ठरल्या वर्षीं पुरा. यास इस्तावा म्हणत. बैल व बियाणें घेण्यास तगाई मिळे. पण एकट्या कुणब्यानें कौल घेऊन भागत नसे. फाळ शेवटण्यास लोहार लागे, मोट शिवण्यास चांभार लागे, शीव कोठून कोठें जाते हें ठाऊक असलेला महार लागे. गाडगें करणारा कुंभार नसेल तर पाणी कशांत भरणार? म्हणून पाटील पळून गेलेल्यांस शोधीत परमुलखांत जाई, आर्जवें करी, वतनाचा हक्क तसाच चालेल असें वचन देई, आणि एकेकास परत आणी. कोणाचीं अर्धीं माणसें मेलेलीं असत. तीं माणसें तशींच येत.

“तुझ्या खेळांत असें कोणी भेटतें काय?” आम्हीं विचारिलें.

“नाहीं. पण दुसरा भाग निघालाय, त्यांत सोबत्याला घेऊन जातां येतं,” तो म्हणाला. चौकशी केली, खरें आहे. २०२४ सालीं अपूर्ण रूपांत बाहेर आलेल्या दुसऱ्या भागांत दोघांस मिळून खेळतां येतें. खेळ करणारांसहि चार वर्षांनीं सोबत्याची निकड भासली असावी.

पुतणीस आम्हीं पत्रानें कळविलें आहे कीं यंत्र काढून घेऊं नये. दहा वर्षांखालील मुलांस तें देऊं नये असा करणारांचाच नियम आहे, तो या मुलास लागत नाहीं. एका वेळीं तासाहून अधिक खेळ नसावा, निजण्यापूर्वीं तर मुळींच नसावा. डोळे थकतात आणि झोंप मोडते. आणि तो खेळत असेल तेव्हां घरांतील एका माणसानें त्याच खोलींत बसावें. भाजी निवडावी, वर्तमानपत्र वाचावें, काय हवें तें करावें. डोळे झांकलेले असतात, भिंत दिसत नाहीं. मागच्या आठवड्यांत त्याचा हात आमच्या कपाटाच्या कांचेवर लागतां लागतां राहिला.