गढीची माती उचलू नका

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वर्धा जिल्ह्यातले कितीतरी लोक कोकणात जातात. मालवणला नावेत बसून सिंधुदुर्गावर उतरतात, भर समुद्रात दूधबाव-दहीबावेचं गोडं पाणी पाहून चकित होतात, चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांना नमस्कार करतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी असे चार सागरी किल्ले आहेत. जरूर जा, लेकरांनाही न्या. पण घरी आल्यावर आपल्या गावच्या गढीकडेही एकदा बघा.

सिंधुदुर्गाचं काम १६६४मध्ये सुरू झालं. तेव्हापासून तो लाटांचा मार खात उभा आहे, कारण तो दगड-चुन्याचा आहे. आपल्याकडच्या गढ्या बहुतेक मातीच्या, कुठे विटांच्या. आणि गढी खचते ती पावसानं कमी, फावड्यानं जास्त. कुणी घर सारवायला पांढरी माती नेतो, कुणी खत म्हणून वावरात टाकायला ट्रॉली भरतो, रस्त्याचं काम निघालं की भर टाकायला जेसीबी थेट गढीवरच चढतो.

अशा कापलेल्या कडेजवळ जाऊन नीट पाहा. राखेचा काळपट पट्टा, त्याखाली खापरं, मग विटांचा चुरा, पुन्हा माती. कोणती वस्ती आधीची, कोणती नंतरची, हे या थरांवरूनच कळतं. ट्रॉलीत माती भरली की ते कायमचं गेलं. मग तीच खापरं कुणी वेचून आणून दिली, तरी अभ्यासकाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

धाम नदीकाठचं पवनार घ्या. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मत मांडलं. इतर अभ्यासकांनी वेगळी ठिकाणं सुचवली, पण वाद घालायलासुद्धा जमिनीत पुरावा शिल्लक लागतो. १९६७मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं, तेव्हा ते थर जागेवर होते म्हणूनच वाचता आले. त्याआधी विनोबांना आश्रमाच्या जमिनीत खणताना भरत-राम भेटीचं शिल्प सापडलं. त्यांनी ते तिथंच प्रतिष्ठित केलं. आजही जाऊन पाहता येतं.

तुमच्या वावरात मूर्ती निघाली तर तिला ऑइलपेंट फासू नका, शेंदूरही नको. जागेवरच ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा कोणताही ठेवा त्यात येतो. सोनाराकडे वितळलेलं नाणं कुणाचंच राहत नाही.

येत्या ग्रामसभेत एवढं करा: गढीची माती उचलायला बंदी, असा ठराव मांडा. गढीचा सर्व्हे नंबर त्यात लिहायला लावा आणि ठरावाची एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला पाठवा.