कपाळावरचा शिक्का

वसतिगृहात एखाद्याची पेटी फुटली, पैसे नाहीसे झाले, की संशय प्रथम कोणावर जातो? तो पुराव्याच्या मागून क्वचितच जातो; बहुधा आडनावाच्या आणि वस्तीच्या मागून जातो. कोणत्याही निवासी शाळेची परीक्षा आम्ही याच क्षणी होते असे मानतो.

गुन्हा रक्तातून येतो, या समजुतीला आपल्या देशात एकेकाळी कायद्याचेच बळ होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू झाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींची मुले पाळण्यात असतानाच सरकारदरबारी संशयित ठरली. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडण्यास परवाना, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहत, असे ते जिणे होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तरीही सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागोमाग आलेच, आणि गावात चोरी झाली की पालावर धाड पडण्याची रीत कुंपणाबरोबर गेली नाही.

एडविन लेमर्ट व हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी जे मांडले, ते या जमातींनी अंगावर सोसले होते. कोणतीही कृती स्वतःहून गुन्हा नसते. समाज नियम करतो, तो काहींनाच लावतो आणि त्यांना नाव देतो. एकदा ‘चोर’ हे नाव पडले की कामाची, शाळेची, शेजाराची दारे मिटतात, आणि त्या माणसापुढे नावाप्रमाणे वागण्याखेरीज फारसे काही उरत नाही. बेकर यांचा ग्रंथ १९६३ सालचा आहे.

त्याआधी, १९३८ साली, रॉबर्ट मर्टन यांनी दुसरे कारण दाखविले होते. यशाची स्वप्ने समाज सर्वांना दाखवितो. तेथवर नेणारी वाट मात्र थोड्यांनाच मोकळी ठेवतो. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा गाभाही याच्या जवळचा आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. मग राजाने शिरच्छेद आरंभिला, तेव्हा लोकांनीही शस्त्रे घडविली.

परंतु केवळ दारिद्र्याने गुन्ह्याचा उलगडा होतो, हे आम्हांस मान्य नाही. तसे असते तर सुखवस्तूंनी कायदा मोडलाच नसता. एडविन सदरलँड यांनी १९३९ साली पांढरपेशा गुन्हेगारीकडे बोट दाखविले ते यासाठीच. पतसंस्था बुडविणाऱ्याच्या मुलाला वर्गात कोणी चोराचे पोर म्हणत नाही. पालावरून आलेल्या मुलाला मात्र काही न करताच ते ऐकावे लागते.

मग दोष सारा समाजाचा, आणि करणाऱ्याचा काहीच नाही काय? पालक असे विचारतात, आणि ते रास्त आहे. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील मुलाला शिकवावेच लागेल. येथे अंगुलिमालाची कथा आम्हांस मोलाची वाटते. भिक्खू झाल्यावरही नगरात त्याच्यावर ढेकळे व दगड पडले, डोके फुटले. आपल्या कर्माचे फळ म्हणून ते सोसण्यास बुद्धांनी त्यास सांगितले. राजा पसेनदी मात्र त्याला पकडण्यासाठी घोडेस्वार घेऊन निघाला होता. भिक्खूच्या वेशातील तो समोर दिसताच राजा प्रथम भ्याला. मग त्याने आईवडिलांचे गोत्र विचारले, आणि पुढे त्यास गग्ग मंतानिपुत्त या नावाने आदराने संबोधिले. दरोडेखोराचे नाव राजाने स्वतःच्या मुखातून काढून टाकले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक आहेत, पोलीस खात्यात आहेत, त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तो भरताना, तसेच ठाण्यात एखाद्या पोराचे नाव प्रथमच लिहिताना, त्यांनी हात क्षणभर थांबवावा आणि त्या मुलाच्या आईवडिलांची नावे विचारून घ्यावीत.