परफ्यूम सकाळी लावा, संध्याकाळी ठरवा

दुकानात एकदम आवडलेला परफ्यूम घरी आणून लावला की 'हा तोच का?' असं वाटतं. तुमचंही झालं असेल. माझ्या एका मैत्रिणीने पहिल्या पगारातून आईसाठी चांगली महागडी बाटली घेतली. मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर संत्र्याच्या सालीसारखा ताजा वास होता. काकूंनी तो एका लग्नाला लावला आणि तासाभरात तो इतका गोड, इतका जड झाला की त्यांचं डोकं चढलं. आता बाटली कपाटात आहे. लेकीला वाईट वाटू नये म्हणून काकू सांगतात, "ठेवणीतला आहे गं तो!"

बाटली बनावट नव्हती. परफ्यूम असाच वागतो.

अल्कोहोलमध्ये अनेक सुगंधी पदार्थ मिसळलेले असतात आणि ते सगळे एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रं यांच्या वासाचे रेणू हलके, ते पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे निघून जातात. याला टॉप नोट म्हणतात. मग गुलाब, मोगरा अशा फुलांचा वास पुढे येतो आणि काही तास राहतो. सगळ्यात शेवटी उरतात चंदन, व्हॅनिला, कस्तुरीच्या जातीचे मस्क. ही बेस नोट. दुकानात आपण जेमतेम पाच मिनिटं वास घेतो आणि पैसे देतो. दिवसभर अंगावर असतो तो मात्र नंतरचा वास, जो आपण घेतलेलाच नसतो.

हे मला नीट कळलं ते चंदनामुळे. बंगळुरूच्या मेट्रोत ग्रीन लाइनवर 'सँडल सोप फॅक्टरी' नावाचं स्टेशनच आहे. पहिल्या महायुद्धात म्हैसूरचं चंदन युरोपला जायचं थांबलं आणि लाकूड पडून राहिलं. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या राज्यात, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, 1916 साली चंदनतेल इथेच काढायचं ठरलं. आपल्या आज्यांच्या ट्रंकेत कपड्यांमध्ये ठेवलेला म्हैसूर सँडल साबण त्यातूनच आला. या तेलातला मुख्य घटक सँटलॉल. त्याचा रेणू जड, त्यामुळे तो सावकाश उडतो. चंदनतेलाचा थेंब मनगटावर लावा, सुरुवातीला विशेष काही वाटणार नाही. कामाला लागा. दुपारी हात चेहऱ्याजवळ गेला की तो मऊ, दुधाळ वास येतो आणि मग लवकर जात नाही.

म्हणून तर कनौजचे अत्तरवाले गुलाबाची वाफ परंपरेने चंदनतेलातच उतरवून घेतात. एरवी उडून जाणारं फूल चंदन धरून ठेवतं. अशा अत्तरात अल्कोहोल नसतो, त्यामुळे नाकात शिरणारा तो पहिला झटकाही नसतो.

बंगळुरूच्या शिवाजीनगरातही (हो पुणेकर, आमच्याकडेही शिवाजीनगर आहे!) अत्तराची दुकानं आहेत. अत्तर कागदावर न लावता हाताच्या पाठीवर लावून बघण्याची पद्धत मला मॉलपेक्षा शहाणपणाची वाटते. आपल्या लग्नात, हळदीकुंकवाला अत्तर लावतात तेही तिथेच, नाही का?

तर परफ्यूम घ्यायचा असेल त्या दिवशी दुसरं काही न लावता जा. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरा, बस. तिसऱ्यापर्यंत नाक गोंधळलेलं असतं. ताजंतवानं व्हायला दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही. दारात येऊन दोन मिनिटं उभं राहिलेलं बरं. कॉफी प्यायला ठेवा! मनगटं एकमेकांवर घासू नका. त्याने रेणू मोडतात ही थाप आहे, पण हात गरम होतात आणि हलका भाग लवकर उडतो.

मग काहीही न घेता बाहेर पडा. सेल्सवाल्या दादांनी "ऑफर आजच आहे" म्हटलं तरी. बसमध्ये चढा, उन्हात चाला, घरी जाऊन स्वयंपाक करा. रात्री वास घ्या, आणि घरच्यांनाही विचारा. हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण सतत येणाऱ्या वासाची आपल्या नाकाला सवय होते. आपल्याला वाटतं उडून गेला, म्हणून आपण पुन्हा फवारतो आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये बाकीचे श्वास धरून उभे! शिवाय काही मस्क काही जणांच्या नाकाला कळतच नाहीत. तुम्हाला न येणारा वास शेजारच्याला भरपूर येत असू शकतो.

त्वचेनेही फरक पडतो. कोरड्या त्वचेवर वास कमी टिकतो, आधी बिनवासाचं क्रीम लावलं तर थोडा जास्त. उकाड्यात तो भराभर उडतो, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात आणि आमच्या बंगळुरूच्या डिसेंबरात एकच बाटली वेगळी वाटली तर नवल नाही. एक सांभाळा: बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांमुळे उन्हात त्वचेवर काळे डाग पडू शकतात. उन्हात जायचं असेल तर मानेवर थेट फवारू नका. ज्यांना पुरळ येतं त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबावं.

आणि भेट द्यायची असेल तर? आवड तुमची असली तरी त्वचा आणि नाक त्यांचं आहे. बऱ्याच परफ्यूमच्या दोन मिलीच्या नमुना कुप्या मिळतात. त्यातल्या दोन-तीन आईच्या हातात द्या, आठवडाभर तिला घरात, बाजारात, भिशीला लावू द्या. सरप्राइज थोडं कमी होईल. पण कोणती कुपी आधी संपली, ते बघून बाटली आणता येईल.